शिशाचा ॲप्रन

"आई-बाबांपैकी आत कोण येणार?" एक्स-रेवाल्या बाईंनी विचारलं.

"मी," बाबा पुढे झाला. ठमीचं पोट सारखं का फुगतं, शी का अडते, ते आज कळणार होतं. सूचनांचा कागद त्याला तोंडपाठ होता. मागून बारीक नळी घालतील, आतडी दिसावीत म्हणून औषध सोडतील, मूल रडेल, पण हलू द्यायचं नाही. सोफ्यावर उशीला कुशीवर निजवून गुडघे धरून ठेवायचा सरावही त्याने केला होता. उशीला गुडघे कुठले, असं बायको म्हणाली होती.

चार वर्षांच्या ठमीला मात्र हा बेत मुळीच मान्य नव्हता. "आईच हवी," म्हणून रडत ती आईच्या कडेवर चिकटून बसली होती. बाबाने हात पुढे केला, तर तिने तो ढकलला. त्याच्या जिवाला लागलं, पण करतो काय?

"हिला दिवस गेलेत," त्याने बाईंना सांगितलं. "तिसरा लागलाय."

"मग आईने बाहेरच थांबायचं," म्हणत बाईंनी शिशाचा ॲप्रन त्याच्या हातात दिला. चांगलाच जड होता.

"इकडे द्या," बायको म्हणाली. "मी जाते."

"अगं, कागदावर स्पष्ट लिहिलंय..."

"आता चालतं मला."

पोरीच्या रडण्यापुढे हिचा धीर सुटला, असं वाटून तो हसला. बाईंना मात्र कळलं. त्या मान खाली घालून उगाच फाइल चाळू लागल्या.

"गुरुवारी," बायको हळूच म्हणाली. "तुम्ही दौऱ्यावर होतात. ताई होती सोबत. पोटातलं नाही राहिलं. ठमीचं आजचं पार पडलं की सांगणार होते."

त्याला विचारायचं पुष्कळ होतं, पण आतून ठमीला हाक आली.

बायकोने ठमीला खाली उभं केलं. पोर हात सोडेना, म्हणून एकाच हाताने तिने ॲप्रन गळ्यात अडकवला. आई येतेय म्हटल्यावर ठमीचं रडं थांबलं होतं. ॲप्रनचे बंद मागे लोंबत राहिले.

तो पाठीमागे गेला. दोनदा गाठ सुटली, तिसऱ्यांदा बसली. गेल्या महिनाभराच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं,

"पोटावर आवळत नाही ना?"