मोकळी शेड

रात्चबुरीच्या आमच्या फार्मवर गाभण डुकरिणींचे पिंजरे इतके अरुंद होते, की त्यांना अंगसुद्धा वळवता येत नसे. दिवसभर त्या समोरचे गज चावत बसायच्या. करकर, करकर.

यंदा मालकीण लमदुआनबाईंनी सगळे पिंजरे कापून भंगारात घातले. मोकळ्या शेडमध्ये आम्ही भाताचं तूस पसरलं.

डुकरिणी मात्र आपल्या जुन्या रांगेतच उभ्या राहिल्या. मागे केळी टाकली, तरी एकही वळेना.

"सवय आहे, मालाई. जाईल हळूहळू," बाई मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी करकर पुन्हा सुरू झाली. डुकरिणी तोंडासमोरची रिकामी हवा चावत होत्या आणि आवाज लोखंडाचा येत होता.

"एखादा गज राहिला असेल तुसात," माझ्याबरोबर काम करणारा थवीदादा हसला. "थांब, बघतो. भित्री कुठली!"

तो रांगेत शिरला. दोन डुकरिणींच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा राहून त्यानं पुढे हात केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"काय आहे रे?"

तो पाठमोराच राहिला.

"दादा, चेष्टा पुरे. इकडे वळ बघू!"

त्याचे खांदे डावीकडे हलले, मग उजवीकडे. दोन्ही वेळा ते कशावर तरी आदळले.

"वळता येत नाहीये गं," तो हळूच म्हणाला.

करकर थांबली. आणि एकेक करून, सावकाश, सगळ्या डुकरिणी वळल्या.