ऑपरेशन होईस्तोवर

"पुन्हा पुढं गेलं?" कुसाबाईनं भाकरी थापता थापता विचारलं.

"मशीन बिघडलंय म्हणे," बहिरूनं चपला काढल्या. "पुढच्या महिन्यात करू म्हणाले."

"मणक्यात गॅप, आन् तारखांतबी गॅप. चांगला दवाखाना गाठला वन्संनी."

बहिरू हात धुऊन जेवायला बसला. बायकोच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो, हे अख्ख्या घोटीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

भांडण जुनं होतं. भाचीच्या, म्हणजे हर्षालीच्या लग्नात कुसाबाईनं नेलेली आहेराची साडी बहिरूच्या बहिणीनं, भिमाबाईनं, भर मांडवात दुसऱ्याच पाहुणीच्या ओटीत घातली. झालं. तेव्हापासून दोन्ही घरांचा अबोला. मग नाशिकहून निरोप आला, भिमाबाईच्या मणक्याचं ऑपरेशन करायचंय. कुसाबाईनं नवऱ्याला वाट मोकळी केली, पण अट घालूनच.

"जिवावरच्या दुखण्यात अबोला नसतो. ऑपरेशन होईस्तोवर जा. झालं, की त्यांचा उंबरा त्यांना आन् आपला आपल्याला."

तारीख ठरली, तर भिमाबाईची साखर वाढली. साखर उतरली, तर मणक्यात बसवायचे स्क्रू आले नाहीत. स्क्रू आले, तर योजनेची मंजुरी अडकली. भिमाबाईचे फार हाल झाले. कूस बदलली तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. "नीट बरी झाले, तर घोटीपासून घाटनदेवीला अनवाणी चालत जाईन, ओटी भरीन," असा नवसही ती बोलून बसली.

बहिरू दर आठवड्याला एसटीनं जायचा. पडून पडून ती कंटाळते म्हणून एकदा चिंचोके घेऊन गेला आणि पलंगावरच पट मांडला. भिमाबाई लहानपणासारखीच रडीचा डाव खेळायची. बहिणीचं दुखणं वाईटच, पण तिच्याशी पुन्हा भांडायला मिळतंय, या आनंदात बहिरू आठवडाभर असायचा. ऑपरेशन झालं की हे सगळं बंद होणार, एवढं मात्र त्याच्या मनाला टोचत राहायचं.

पुढं कधी डॉक्टर गावाला गेल्याचं त्यानं घरी सांगितलं, कधी भूल देणाऱ्या बाईंच्या घरी लग्न निघाल्याचं. आता मशीन.

पुढच्या खेपेला तो गेला, तेव्हा भिमाबाई पट मांडून वाटच बघत होती. कमरेचा पट्टा उशाशी पडला होता. तिनं आधी त्याच्या हातावर खोबरं-साखर ठेवली.

"काय म्हणाली कुसा?"

बहिरूनं तारखांतला गॅप सांगितला. भिमाबाई पोट धरून हसली.

"तोंडाची फटकळ हाय, पण मनानं वाईट नाय," ती म्हणाली. मग तिनं चिंचोके मुठीत आवळले. "साडीचं माझंच चुकलं रे. घाईत पिशव्यांची अदलाबदल झाली. तिला सांगायची हिंमतच होत नाय."

"सांगू की. आधी हे ऑपरेशनचं निस्तरू दे."

"तू निस्तर. तुझी बायको हाय," म्हणत तिनं डाव टाकला आणि सरळ सरळ लबाडी केली. बहिरूनं चालू दिली. त्याला बरं वाटत होतं.

संध्याकाळी तो घरी आला, तर ओट्यावर नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी भरून ठेवलेली होती. तिच्यावर एक कोरी साडी.

"हे कुणाला?"

"वन्संना."

"बरं," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात नेतो. मशीन अजून काय दुरुस्त..."

"तुम्ही नका नेऊ. त्यांनाच न्यायला बोलवा." कुसाबाईनं पिशवीचं तोंड दोरीनं आवळून बांधलं. "परवा बाजारातून येताना दिसल्या. ओटी घेऊन अनवाणी चालल्या होत्या घाटनदेवीला. हाक मारणार होते, पण नवस फेडायला निघालेल्या माणसाला वाटेत थांबवू नये."