परसों म्हणजे कधी?

कायदा शिकणारी योगिनी हैदराबादच्या व्हिडिओ गेम कंपनीत अर्धवेळ कारकून होती. आठवड्यापूर्वी रुजू झालेल्या चित्रकार भाग्यलक्ष्मीची राक्षसीण गेमसाठी पसंत पडली. हक्क कुणाचा यावर वाद झाला: नोकरीत काढली असेल तर कंपनीची, आधीची असेल तर तिची. “वो तो मैं परसों बनाई,” भाग्यलक्ष्मीनं जबाबात सांगितलं. कंपनीचे वकील सारंग सर यांनी योगिनीला भाषांतरात ‘परवा’ लिहायला लावलं. “सर, इथं परसों म्हणजे मागे कधीही! माझी आजी निजामाचं राज्यही परसोंच गेलं म्हणते. हिनं कॉलेजात काढलीय ती.” सर हसले. “दहा वर्षं काढलीत हैदराबादेत, मला ठाऊक नाही होय? पण कोर्टात परवा म्हणजे परवाच. अर्धवेळ आहेस, अर्धंच बोल. कर सही.” योगिनीनं ‘भाषांतर अचूक’ ही छापील ओळ खोडून लिहिलं, ‘परसों म्हणजे मागे कधीही, हे वकीलसाहेबांनाही ठाऊक आहे,’ आणि सही ठोकली.