डावा कान

शिरोलीच्या फौंड्रीत घण ऐकून ऐकून माझा डावा कान बारा वर्षांपूर्वी बंद पडला. गाण्याचा नाद मात्र सुटला नाही. रविवारी दुपारी आवाज स्वच्छ करणारी नवी डबी, डॅक, प्लेअरला जोडली, हेडफोन चढवला आणि डाव्या कानात तंबोरा वाजला.

हेडफोन काढला. तंबोरा थांबला, कान मात्र चालूच राहिला.

"चहा ठेवू काय?" डाव्या कानात माझी बायको शिवलीला म्हणाली. समोर ती तोंड मिटून शेंगा सोलत होती. मिनिटभरानं तिनं मान वर करून तेच विचारलं. ते उजव्या कानानं ऐकलं.

"ठेव," मी म्हणालो. ती आत गेली.

मग डाव्या कानात ती रडायला लागली. "अहो, डोळं उघडा की."

उजव्या कानाला ऐकू येत होतं, आत ती शांतपणे चहा गाळत होती.