चाळीस चमचे पाणी

बेगायिमने डोक्यावरून शाल ओढून अंधार केला आणि निळा दिवा काचेच्या नळीवर धरला. नळीतलं पाणी लाल चमकलं. तासाभरापूर्वी, तिने स्वतः उकळून पातेल्यात निववलेलं हेच पाणी तपासलं तेव्हा काळंभोर दिसलं होतं. मधल्या वेळात एकच गोष्ट झाली होती. सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे आपल्या सोन्याच्या अंगठ्या पातेल्यात सोडल्या होत्या.

आज तिच्या बाळाचा, तिलेकचा, चाळिसावा दिवस. चाळीस चमचे पाण्याने त्याला न्हाऊ घालायला नारिन गावातल्या त्यांच्या आळीतल्या बायका कधीच्या येऊन बसल्या होत्या. पण पोर सातव्या महिन्यात जन्मलेलं, बेंबी अजून ओलीच. बेगायिमचा जीव टांगणीला लागला होता.

ती बिश्केकच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथलीच ही फिकट पिवळी बाटली, डोळ्याला न दिसणाऱ्या सोन्याच्या कणांची. घातक जंतूंना हे कण चिकटले की लाल चमकतात, आणि तासाभरात त्यांना मारूनही टाकतात. बाटली तिने गुपचूप आणली होती, आणि तिच्यातलाच एक थेंब नळीतल्या पाण्यात टाकला होता.

तिने अंगठ्या काढायला सांगितलं. उमसुनाय अपा, म्हणजे सासूबाई, फणकारल्या. याच अंगठ्यांच्या पाण्याने बेगायिमचा नवरा न्हाला, सासराही न्हाला, कोणाला काही झालं नाही.

शेजारच्या उलकानला हसू आवरेना. "अगं, मग तुझी बाटलीच ओत ना पातेल्यात. जंतू मारते म्हणतेस ना?"

बेगायिमने बाटली पटकन मुठीत धरली. "नाही. ते बाळाच्या अंगाला नाही लावायचं."

"का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"अजून नीटसं माहीत नाही, अपा. कातडीतून आत जातं का, गेलं तर कुठे साठतं."

ती हे बोलून गेली आणि मुठीतल्या बाटलीकडे बघत राहिली. सोमवारपासून हीच बाटली भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात जाणार होती. धोका नाही, असं लिहिलेल्या कागदावर तिचीच सही होती. त्या आनंदात, सगळ्यांना ही बातमी सांगत, तिने आळीभर बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळून वाटले होते. ते या सगळ्या जणींनी खाल्ले होते.

उलकानने मान खाली घातली.

सासूबाई उठल्या. पातेल्यातल्या अंगठ्या वेचून त्यांनी चुलीवरच्या किटलीत टाकल्या, पातेल्यातलं पाणी बाहेर ओतलं, आणि किटली खदखदेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. भांडण करायचं त्यांच्या मनात राहिलं नव्हतं.

"तिलेकचं पाणी मी उकळतेय," सुनेकडे न बघता त्या म्हणाल्या. "त्या पोरांच्या आयांना सांगितलंयस का?"