भर दुपारची सावली

एकनाथ सोलरची प्लेट बसवायला सायवनला आला, तेव्हा बायकोचं तेरावं उरकून एकच दिवस झाला होता. हात आपले चालत होते. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारी सावली उत्तरेला पडते; प्लेटची पाठ तिच्याकडे केली की तोंड आपोआप सूर्याकडे येतं. छपरावर उभं राहून त्याने नेहमीसारखी स्वतःची सावली पाहिली, तिच्याकडे प्लेटची पाठ केली आणि बोल्ट आवळले.

"भाऊ, शेजारची प्लेट तर सूर्याकडं बघते. आमचीच उलटी का?" खालून घरमालकीण भिकीने विचारलं.

त्याने पाहिलं. भिकीची सावली उत्तरेला होती, खांबाचीही. त्याची एकट्याची दक्षिणेला, थेट सूर्याच्या दिशेने पडली होती.

"चुकलं," तो म्हणाला आणि पाना घेऊन खाली वाकला.

सावली वाकली नाही. ती दक्षिणेकडे चालू लागली होती.