रापणीचा वाटा

दोरांना चाळीस हात लागले तेव्हा आत्माराम जरा घाबरलाच. तळ्याच्या श्रमदानाला आजवर सहाजण यायचे. त्यातले चौघे फोटो झाला की जायचे. आज अख्खी वाडी आली होती, कारण जलपर्णी काढायची आहे असं तो कुणाला बोललाच नव्हता. "तळ्यात रापण ओढायची आहे. दोराला हात लावील त्याला वाटा," एवढंच सांगितलं होतं. रापणीचं ते लांबलचक जाळंही मिरकरवाडा बंदरावरच्या मेव्हण्याकडून आलेलं. म्हणजे बातमी पक्की.

सोमवारपर्यंत पाणी मोकळं झालं नाही तर तुमच्या भाड्याच्या पायडलच्या होड्या उचला, असं पंचायतीचं पत्र त्याच्या खिशात होतं. आज शुक्रवार. पाचही होड्या त्या हिरव्या रानात म्हशींसारख्या रुतून बसल्या होत्या.

जाळं जड लागत होतं. जितकं जड, तितके चेहरे खुलत होते. राजेंद्र गुरुजींचं तर मनातल्या मनात कालवण उकळायला लागलं असावं.

जाळं काठाला लागलं. आत डोंगराएवढी जलपर्णी, एक चप्पल आणि बोटभर लांबीचे दोन मासे.

आत्मारामने मासे पाण्यात सोडले आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता जलपर्णीचे वीस ढीग घातले.

"हे काय रे आत्मा?" सुंदराबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"वाटा, काकी. रापणीत जे येईल त्याचाच असतो. उन्हात कडक सुकवा आणि आंब्याच्या कलमांच्या बुडात खत म्हणून घाला. विहिरीकडे तेवढं नेऊ नका, तिथेही माजेल."

रापणीचा वाटा नाकारायची रीत वाडीत नव्हती. सुंदराबाई आपल्या ढिगापाशी बसल्या. मग त्यांनी शेजारचा ढीग पाहिला.

"गुरुजींचा मोठा कसा? ते तर दोराला नुसते टेकून उभे होते."

"टेकून? हे फोड बघा हाताला!"

"आणि माझ्यात नुसती मुळंच," पलीकडच्या ढिगापाशी बसलेली मैना म्हणाली.

मग जे भांडण पेटलं, ते सुरमईच्या वाट्यावरूनही पेटलं नसतं. आत्माराम ओंजळी इकडच्या तिकडे करत राहिला. टोपल्या आल्या, घमेली आली. तासाभरात काठ साफ झाला. तळ्यात दोन होड्या फिरतील एवढं पाणी उघडं पडून चकाकत होतं.

टोपली डोक्यावर घेऊन सुंदराबाई निघाल्या. बांधावर थांबून त्यांनी उरलेल्या जलपर्णीवर काळजीने नजर फिरवली.

"उद्या सूनही येईल रे दोराला. पुरेल ना सगळ्यांना?"